पोटरीतील कळ आणि नव्या इंजेक्शनची आशा

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, चिखली, नांदुरा, देऊळगाव राजा यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत पन्नाशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याचा दिनक्रम साधारण सारखाच असतो. सकाळी देवदर्शन आटोपून तो गादीवर बसतो आणि रात्री हिशेबाची वही मिटेपर्यंत फारसा उठत नाही. घर ते मंदिर आणि मंदिर ते दुकान एवढेच त्याचे चालणे. त्या थोडक्या वाटेतही पोटरीत कळ येऊ लागली आणि दोन मिनिटे थांबताच ती नाहीशी होऊ लागली, तर घरातील निदान ठरलेले असते: वात असेल, वय झाले. मग तेल चोळले जाते, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते आणि उरलेसुरले चालणेही बंद होते.

अशी कळ पुष्कळदा वाताची नसते. पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून अरुंद झाल्याची ती पहिली सूचना असते. ही सूचना वर्षानुवर्षे दुर्लक्षिली गेली, की एखाद्या दिवशी अंगठा काळा पडतो. मग धावपळ सुरू होते आणि याच धावपळीत कोणीतरी सांगते की मोठ्या शहरात एक नवे इंजेक्शन निघाले आहे, त्याने पायात नव्या रक्तवाहिन्या उगवतात. वृद्धिघटक, म्हणजेच ग्रोथ फॅक्टर, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराविषयी आशा फार आणि नेमकी माहिती थोडी, अशी आज स्थिती आहे. पाय आणि आयुष्यभराची पुंजी दोन्ही पणाला लागलेली असताना या उपचाराचे खरे मोल समजून घेणे आवश्यक ठरते.

कळ कशी ओळखावी

धमनीच्या आजारातील कळ नियमाने वागते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी, मांडी किंवा कुल्हा दुखू लागतो, थांबले की काही मिनिटांत बरे वाटते आणि पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा दुखते. गुडघ्याचे किंवा मणक्याचे दुखणे इतके शिस्तशीर नसते. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा दिसणे हा आजारही वेगळा आहे. तो रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांचा आहे, पायाकडे रक्त आणणाऱ्या धमन्यांचा नव्हे.

आजार वाढला की रात्री अंथरुणात पाऊल दुखू लागते आणि पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवला की थोडे बरे वाटते. पाऊल थंड व फिकट राहते, नखे नीट वाढत नाहीत, लहानशी जखम महिनोन्महिने भरत नाही. मधुमेह असलेल्यांत तर धोका दुप्पट फसवा असतो, कारण पायाची संवेदनाच कमी झालेली असल्याने कळ जाणवतच नाही आणि पहिली खूण म्हणून थेट जखमच समोर येते.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपतात. त्यानंतर घोट्याजवळचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागले जाते. निरोगी माणसात हा आकडा साधारण 1 ते 1.4 असतो. तो 0.9 किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद झाली आहे असे समजतात आणि 0.4 च्या खाली गेला तर आजार गंभीर मानतात. दीर्घकाळच्या मधुमेहात धमनीच्या भिंती कडक झाल्याने हा आकडा खोटा वाढून येऊ शकतो, अशा वेळी अंगठ्यातील दाब मोजतात किंवा डॉपलर सोनोग्राफी करतात.

एक अपवाद मात्र तातडीचा आहे. पाय अचानक दुखू लागला, पांढराफटक व थंडगार पडला, बधिर झाला, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. तेथे साधारण सहा तासांचाच अवकाश असतो. अशा वेळी घरगुती उपायात क्षणही न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठले पाहिजे.

शरीराच्या पांदणवाटा

मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूर घाट लागतो. घाटात दरड कोसळून हमरस्ता बंद झाला तर माल काही काळ अडतो, मग लांबच्या वळणाने, लहान रस्त्यांनी, पांदणवाटांनी तो येऊ लागतो. शरीरही असेच करते. मुख्य धमनी हळूहळू बंद होत असताना आजूबाजूच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि काही नव्या फुटतात. त्यासाठी रक्ताची उणीव जाणवलेल्या पेशी काही प्रथिने सोडतात. ही प्रथिने म्हणजेच वृद्धिघटक. व्हीईजीएफ, एफजीएफ आणि एचजीएफ ही त्यांतील प्रमुख नावे.

या ज्ञानाचा इतिहास लक्षवेधी आहे, कारण तो पायापासून नव्हे, कर्करोगापासून सुरू झाला. अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी 1971 साली असा विचार मांडला की गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते आणि त्या रोखल्या तर गाठीची वाढ रोखता येईल. 1989 साली नेपोलिओन फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन ओळखले. त्यानंतर बॉस्टनचे डॉक्टर जेफ्री इस्नर यांनी उलट बाजूने विचार केला: जे प्रथिन गाठीला रक्त पुरवते, ते उपाशी पायाला का पुरवू नये? त्या प्रथिनाची जनुकीय आज्ञा पायाच्या धमनीत पोचवण्याचा त्यांचा प्रयोग 1996 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चित्रणात नव्या वाहिन्या दिसल्या, त्याचबरोबर पायाला सूजही आली. नव्या आशेचा तो आरंभ होता.

आशेचा ताळेबंद

व्यापाऱ्याला ठाऊक असते की एका चांगल्या सौद्यावरून वर्षाचा नफा ठरत नाही. वैद्यकातही तसेच आहे. एफजीएफच्या जनुकावर आधारलेल्या एका औषधाच्या सुरुवातीच्या छोट्या चाचणीत पाय कापण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले आणि जगभर उत्साह पसरला. मग तेच औषध मोठ्या चाचणीत तपासले गेले. टॅमॅरिस नावाच्या या चाचणीत 30 देशांतील 525 रुग्ण होते, ज्यांच्यावर दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया शक्य नव्हती. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधाविना इंजेक्शन दिले गेले. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. 2011 साली निकाल आला. एका वर्षात पाय गमावलेले किंवा मरण पावलेले रुग्ण औषधाविना गटात 33 टक्के होते आणि औषध घेतलेल्या गटातही हे प्रमाण त्याहून कमी नव्हते. म्हणजे औषधाने पाय वाचवला नाही.

जपानचा अनुभवही बोध घेण्याजोगा आहे. तेथे एचजीएफच्या जनुकावर आधारलेल्या इंजेक्शनला मार्च 2019 मध्ये सशर्त व मुदतीची परवानगी मिळाली. अट अशी होती की प्रत्यक्ष वापरातील निष्कर्ष गोळा करून औषधाची उपयुक्तता सिद्ध करावी. ती अपेक्षेप्रमाणे सिद्ध झाली नाही आणि 2024 साली कंपनीने कायम परवानगीचा अर्ज मागे घेतला. रशियात मात्र व्हीईजीएफवर आधारलेले एक औषध 2011 पासून मान्यताप्राप्त आहे.

यावरून हा उपचार फसवणूक आहे असा निष्कर्ष काढणे जितके चूक, तितकेच तो पाय वाचवतोच असे म्हणणे चूक. अनेकांताची सवय असलेल्या मनाला हे समजणे अवघड नाही. काही रुग्णांत वेदना कमी होते, काहींची जखम लवकर भरते, या अपेक्षेने म्हणणे खरे आहे. परंतु पाय कापावा लागणे टळते काय, या कसोटीवर मोठ्या चाचणीतून आजवर भरवशाचा पुरावा मिळालेला नाही, हेही तितकेच खरे आहे. दुसरी अपेक्षा लपवून केवळ पहिली सांगणे हे अर्धसत्य होय.

आणखी एक बाजू आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नाजूक, गळक्या वाहिन्या उगवतात, तेव्हा नेत्रतज्ज्ञ डोळ्यात इंजेक्शन देऊन हेच व्हीईजीएफ रोखतात. म्हणजे एकाच रुग्णाच्या पायात जे वाढवावे असे वाटते, तेच त्याच्या डोळ्यात थोपवावे लागते. म्हणून अशा प्रयोगांत भाग घेण्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासणे आणि कर्करोगाचा पूर्वेतिहास सांगणे महत्त्वाचे असते.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय मिळते

भारतात वृद्धिघटकांच्या नावाखाली साधारण तीन गोष्टी रुग्णासमोर येतात.

पहिली, जखमेवर लावायचे जेल. मधुमेही पावलाच्या जखमेसाठी अशी जेल उपलब्ध आहेत. या वर्गातील एका औषधाला अमेरिकेत 1997 साली मान्यता मिळाली तेव्हाच त्यासोबत एक अट जोडली गेली: जखमेच्या भागात पुरेसा रक्तपुरवठा असला पाहिजे. जेथे रक्तच पोचत नाही तेथे वरून लावलेले जेल कोरड्या विहिरीवर बसवलेल्या मोटारीसारखे ठरते. म्हणून जेल सुरू करण्यापूर्वी पायाची नाडी तपासली का, हा पहिला प्रश्न असावा.

दुसरी, पीआरपी. रुग्णाचेच रक्त फिरवून त्यातील बिंबिकांचा दाट भाग जखमेत सोडतात. बिंबिकांत वृद्धिघटक असतात, त्यामुळे काही जखमा भरण्यास मदत होते. बंद धमनी त्याने उघडत नाही.

तिसरी, मूळपेशी. या पेशी स्वतः नवी धमनी बनत नाहीत. पोटरीच्या स्नायूत टोचल्यावर त्या वृद्धिघटक स्रवतात व आसपासच्या वाहिन्यांना चालना देतात. बंगळुरूच्या एका कंपनीने निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या अशा पेशींना भारताच्या औषध महानियंत्रकांनी 2016 साली बर्जर आजारासाठी मर्यादित आणि 2020 साली पायाच्या तीव्र रक्ताभावासाठी परवानगी दिली. बर्जर आजार हा मुख्यतः तंबाखू, विडी, सिगारेट यांच्या व्यसनाशी जोडलेला, बहुधा तरुण पुरुषांत दिसणारा आजार आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी 1908 साली त्याचे सविस्तर वर्णन केले. या आजारात तंबाखू सुटली नाही तर कोणताही उपचार टिकत नाही आणि ती पूर्णपणे सुटली तर पाय वाचण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात वाढते.

मान्यताप्राप्त औषध आणि कोणत्याही दवाखान्यात दिली जाणारी मूळपेशी यांत मोठे अंतर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपयोग सोडले तर मूळपेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच व्हावा. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेणे योग्य नव्हे. चाचणीमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार व भरपाईचा हक्क रुग्णाला आहे.

सौदा ठरवण्यापूर्वी

दागिने मोडण्यापूर्वी किंवा दुकानाचे भांडवल काढण्यापूर्वी कुटुंबाने काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. धमन्यांचे चित्रण करून रक्तवाहिनीतज्ज्ञ शल्यविशारदाने पाय पाहिला आहे काय? फुग्याने धमनी रुंद करणे किंवा बायपास शक्य आहे काय, आणि नसेल तर का? सुचवलेल्या औषधाला भारतात नेमक्या याच आजारासाठी परवानगी आहे काय? ही चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक कोणता? एकूण खर्च किती, किती वेळा इंजेक्शन, आणि उपयोग झाला नाही तर पुढची वाट कोणती? या प्रश्नांवर रागावणाऱ्या ठिकाणी पैसे न ठेवणेच शहाणपणाचे.

बंद झालेली धमनी उघडणे शक्य असेल तर तोच पहिला मार्ग आहे. वृद्धिघटकांचा विचार ज्यांच्यासाठी झाला ते रुग्ण मुख्यतः असे, ज्यांना ही वाट उरलेली नाही. घाटाखालच्या मलकापूर, नांदुऱ्याच्या कुटुंबांना जळगाव, खामगाव-शेगावच्या कुटुंबांना अकोला आणि घाटावरच्या चिखली, देऊळगाव राजाच्या कुटुंबांना जालना किंवा छत्रपती संभाजीनगर जवळ पडते. कोणती शस्त्रक्रिया शासकीय जनआरोग्य योजनेत बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे.

घरातील जयणा

ज्यांची कळ अजून चालण्यापुरतीच आहे, त्यांच्यासाठी सर्वांत गुणकारी उपचार विनामूल्य आहे: चालणे. आठवड्यातून किमान तीन वेळा, 30 ते 45 मिनिटे, कळ बऱ्यापैकी जाणवेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे किमान 12 आठवडे केल्यास चालता येणारे अंतर ठळकपणे वाढते. पायावर जखम असेल किंवा विसावतानाही दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. यासोबत तंबाखू आणि गुटख्याचा संपूर्ण त्याग, साखर व रक्तदाबावर नियंत्रण आणि डॉक्टरांनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या व रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या नियमित घेणे, हा उपचाराचा पाया आहे. ज्याच्या पायाची धमनी अरुंद, त्याच्या हृदयाची आणि मेंदूचीही असण्याचा संभव असतो. त्यामुळे या गोळ्या केवळ पायासाठी नसतात.

ईर्यासमितीत पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्याची शिकवण आहे, ती सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी. मधुमेही श्रावकाने तीच दृष्टी रोज रात्री स्वतःच्या तळव्यावरही फिरवावी. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा सूनबाईंना, नातवाला पाहायला सांगावे. बधिर पायाला शेक देऊ नये, भाजल्याचे कळत नाही. भोवरी ब्लेडने कापू नये. मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालण्याऐवजी फक्त मंदिरासाठी राखलेले स्वच्छ सुती मोजे वापरता येतात. साधू-साध्वींच्या विहारात सोबत चालण्याची भावना उत्तम, पण पायाची नाडी मंद असलेल्याने अनवाणी डांबरी रस्त्यावर उतरू नये. पर्युषणात उपवास, आयंबिल किंवा चौविहार करणाऱ्याने मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन कसे घ्यावे, हे डॉक्टरांकडून काही दिवस आधीच ठरवून घ्यावे. गोळी मनानेच बंद करणे हे तप नव्हे.

अहिंसेचा प्रश्नही अनेक कुटुंबांना पडतो आणि तो विचारण्यात संकोच नसावा. शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून वापरले जाणारे हेपॅरिन सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून मिळवले जाते. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना अनेक ठिकाणी गोवंशाच्या रक्तातील द्रव वापरतात. काही प्रसंगी कृत्रिमरीत्या बनवलेला पर्याय असतो, काही प्रसंगी नसतो. हा विचार शस्त्रक्रियेच्या टेबलावर करता येत नाही. डॉक्टरांशी आणि आपल्या गुरुमहाराजांशी तो वेळेत बोलून घ्यावा. मात्र ज्याचा पाय सडतो आहे, त्याच्या उपचारात या चर्चेपायी विलंब होऊ देऊ नये.

पाय देण्याआधी पाय राखणे

भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षाच्या पर्वात, 1975 साली, जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि जयपूर फूट असंख्य गरिबांपर्यंत विनामूल्य पोचला. समाजाने या कार्याला मनापासून साथ दिली. गावोगावी कृत्रिम पायांची शिबिरे भरली. ज्याला पुन्हा चालता आले त्याचा चेहरा पाहणे हे मोठे पुण्यच.

त्या परंपरेचा पुढचा टप्पा पाय जाण्याच्या आधीचा असू शकतो. महावीर जयंतीला रक्तदान शिबिर भरते, त्याच मंडपात एका टेबलावर घोट्याचा रक्तदाब मोजण्याचे छोटे डॉपलर यंत्र, एक जाणकार डॉक्टर आणि तळवे तपासणारी परिचारिका बसवणे कोणत्याही संघाला अशक्य नाही. दुकानातील हमाल, दिवाणजी आणि मुनीम यांचे पायही त्याच टेबलावर तपासले जावेत, कारण ओझे त्यांच्याच पायांवर असते. नव्या इंजेक्शनवरील संशोधन पुढे जाईल, कदाचित उद्या त्यातून खरोखर पाय वाचवणारे औषधही मिळेल. तोवर पोटरीतील कळ वेळेवर ओळखणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा वृद्धिघटक आहे.